आधी साकव की आधी कमान?

ग्रामपंचायतीच्या ऑफिसात दोन गोष्टी कायम असतात. एक प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दुसरे किस्से. खुर्च्या गावातल्या लग्नाला जातात आणि परत येतात तेव्हा दोन कमी असतात. किस्से गावभर फिरून परत येतात तेव्हा दोन जास्त असतात!

मी सदस्य होऊन फार वर्षं झाली नाहीत. तरी माझ्याकडे एवढे साठलेत की माहेरी गेले की बहिणी जेवणं आटपून पाय पसरून बसतात आणि म्हणतात, "हां, आता बजेटचं सांग." बजेट ऐकायला एवढ्या हौसेनं बसणारी माणसं दिल्लीतसुद्धा नसतील.

म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. मी सातवी शिकलेली, तेव्हा लिहिण्यात काही राहिलं तर सांभाळून घ्या.

*

सातवीचाच किस्सा आधी.

आमच्या वाडीची जागा महिलेसाठी राखीव झाली. माझ्या वयाच्या बाईला उभं राहायचं तर सातवी पास असावं लागतं, असा नियम. वाडीत तशा दोघीच. एक बारावी झालेली, पण ती नवऱ्याबरोबर विरारला. दुसरी मी. नियमाला पुरेल एवढीच शिकलेली, वर एक यत्ता नाही.

वाडीची बैठक आमच्याच खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात बसली. मी आतून चहा पाठवत होते आणि देवाला म्हणत होते, दुसरं कोणीतरी मिळू दे. मला माईकवरून नाव पुकारलं तरी घाम फुटतो.

कोणीतरी सासूबाईंना विचारलं, सुनेला जमेल का? सासूबाई म्हणाल्या, "ती रत्नागिरीला बाजाराला गेली तरी एसटीतून फोन करून विचारते, गॅस बंद केलाय का. पोरीला ताप नसला तरी कपाळाला हात लावून बघते. पंचायतीत असाच माणूस हवा."

बिनविरोध निवडून आले. घाबरट आहे म्हणून निवडून आलेली आख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन!

*

आमचे सरपंच तात्या. उभा जन्म जहाजावर खलाशी म्हणून काढला, आता गुडघे दुखतात म्हणून गावात. मीटिंग लांबली की अजूनही म्हणतात, "चला, नांगर टाका." माझ्याबरोबर दुसऱ्या सदस्य शेवंतीकाकी. त्यांना कोणी 'मॅडम' म्हटलं की त्या मागे वळून बघतात, कोण आलंय.

आणि भाऊसाहेब. म्हणजे ग्रामसेवक. हल्ली त्यांच्या हुद्द्याला मोठं नाव मिळालंय, पण गावाच्या तोंडात भाऊसाहेबच बसलेलं. सोलापूरकडचे, बायकामुलं तिकडे. माणूस सरळ. कामाला वाघ. फक्त एक गोष्ट त्यांच्या तोंडातून कधी येत नाही. 'होय'.

रस्ता होईल का? "बघू." दाखला मिळेल का? "बघू." साहेब येणार का? "वर विचारतो."

एकदा शेवंतीकाकींनी घरून आणलेला चहा पुढे केला आणि विचारलं, "भाऊसाहेब, चाय घेताव ना?" सवयीनं म्हणाले, "बघू." काकींनी कप उचलला आणि तात्यांना दिला.

मी एकदा त्यांना विचारलंच की तुम्ही होय का म्हणत नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, बघू म्हटलेलं लोक विसरतात. होय म्हटलेलं विसरत नाहीत."

*

पहिलं बजेट मला अजून आठवतं. बजेटला आमच्याकडे अंदाजपत्रक म्हणतात. भाऊसाहेब वाचत होते, जमा अमुक, खर्च तमुक. मी काकींच्या आड बसलेली. शेवटी ते म्हणाले, "आणि शिल्लक."

शिल्लक म्हटल्यावर माझे कान टवकारले. कारण माझ्या डोक्यात एकच काम होतं, साकव.

आमची वाडी आणि शाळा यांच्यामध्ये एक पऱ्या आहे. उन्हाळ्यात त्यात पाऊल भिजत नाही, पण श्रावणात म्हैस वाहून जाते. पलीकडे शाळा, अंगणवाडी, देऊळ, ग्रामपंचायत, सगळं. अलीकडे आम्ही. मध्ये माडाचं एक खोड टाकलंय, त्यावरून पोरं जातात. माझी स्वरा तेव्हा नुकती अंगणवाडीत जायला लागली होती. ती त्या खोडावरून नाचत जायची आणि मी मागून श्वास धरून. पायी जाण्यापुरता छोटा पूल, म्हणजे साकव, एवढंच आम्हाला हवं होतं. वाडी कित्येक वर्षं मागतेय.

म्हणून मी कशीबशी उठले आणि म्हटलं, "एवढी शिल्लक आहे तर साकव का होत नाही?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग तात्या म्हणाले, "सूनबाई, कपाटात पाहुण्यांच्या कपबशा असतात ना तुमच्या? तशी ही शिल्लक. दाखवायची. वापरायला काढली की वरचे साहेब ओरडतात."

*

पैसे येतात, पण त्यांना दावं बांधलेलं असतं. हे मला पुढे कळलं. काही पैसा फक्त पाण्याला आणि स्वच्छतेला. काही फक्त अमक्याला. काही तर वस्तू होऊनच येतात.

तशी आमच्याकडे बाकडी आली. सिमेंटची. मागच्या बाजूला देणाऱ्याचं नाव कोरलेलं. माणसं मुंबईला आणि बाकडी गावाला, अशी स्थिती! आमच्या वाडीला इतकी बाकडी मिळाली की घरटी एक ठेवून उरली. सासूबाई आमच्या बाकड्यावर आमसुलं वाळत घालतात. शेजारी एक बाकडं आहे त्यावर फक्त कुत्रा बसतो, पण रोज बसतो, म्हणजे निधी वाया गेला असं म्हणता येणार नाही.

उरलेलं एक बाकडं काकींनी चार बायका लावून पऱ्यात उतरवलं. कपडे आपटायला. झकास काम झालं.

तेवढ्यात वरून हुकूम आला, प्रत्येक बाकड्याचा फोटो पाठवा, त्यावर बसलेल्या माणसासकट. भाऊसाहेब मोबाइल घेऊन वाडीत आले. सगळी झाली आणि एक कमी भरलं. आम्ही त्यांना पऱ्यावर नेलं. ते बराच वेळ बाकड्याकडे बघत राहिले. मग काकींना म्हणाले, "बसा."

काकी पदर सारखा करून पाण्यात पाय सोडून बसल्या. फोटो गेला. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून फोन, फोटोत पाणी कसं काय? भाऊसाहेब म्हणाले, "सर, निसर्गरम्य ठिकाणी बसवलंय."

*

दिव्यांचं एक छोटंसं सांगते. सगळ्या वाड्यांना रस्त्यावरचे दिवे हवे असतात, त्यावरून भांडणं. एकाच घरानं दिवा काढून न्या असा अर्ज दिला. तात्या स्वतः विचारायला गेले. घरातली आजी म्हणाली, "दिवा नव्हता तेव्हा चोराला माझे फणस दिसत नव्हते."

*

आता रेंजचा.

सगळं ऑनलाइन झालंय. गावानं पुढल्या वर्षी काय काय करायचं तो आराखडाही कॉम्प्युटरवर चढवावा लागतो. आमच्या गावात रेंज म्हणजे पाहुणी. येते, दारात उभी राहते, आत येत नाही. त्या वर्षी मुदत संपत आली तरी आराखडा चढेना. भाऊसाहेब लॅपटॉप घेऊन वर सड्यावर जाऊन बसले. उघडा कातळ, झाडाची सावली नाही. आम्ही खालून पेज पाठवायचो, भात पातळ शिजवलेला, तेवढाच उन्हाला उतारा.

तिसरा दिवस उजाडला तरी तेच. मग आबांना बोलावलं.

आबा आमचे गावकर. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. गावात कुठलंही काम असो, आधी देवापुढे नारळ ठेवायचा, आबांनी गाऱ्हाणं घालायचं, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यामागून सगळ्यांनी एकसुरात म्हणायचं, "व्हय महाराजा." यात विचार करायचा नसतो. आबांचा सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं. माझी स्वरा तर बोलायला शिकली तेव्हा 'आई'च्या पाठोपाठ 'व्हय महाराजा' शिकली.

तर आबा सड्यावर आले. लॅपटॉपसमोर नारळ ठेवला आणि हात जोडून सुरू झाले, "बा देवा महाराजा, आज तुझी लेकरां ह्या सड्यार हुबी हत. जी काय रेंज म्हनतत ती ह्या डब्यात येव दे..."

"व्हय महाराजा!"

सगळे म्हणाले. भाऊसाहेब सोडून. ते नुसते हात जोडून उभे. तात्यांनी डोळ्यांनी खुणावलं, म्हणा की! भाऊसाहेब पुटपुटले, "मी शासनाचा माणूस. मला असं एकदम व्हय म्हणता येत नाही."

पण रेंज आली, खोटं नाही सांगत. आणि पहिला आला तो तालुक्याचा फोन. मुदत वाढवली म्हणून!

*

मागच्या श्रावणात मात्र हसायचं काही नव्हतं.

दुपारी अचानक वरच्या अंगाला पाऊस पडला आणि पऱ्या भरून आला. माडाचं खोड माझ्या डोळ्यांदेखत फिरलं आणि गेलं. पलीकडे अंगणवाडी सुटलेली, वाडीची पोरं बाईंच्या भोवती. अलीकडे आम्ही आया. मी काय काय ओरडत होते ते मला आठवत नाही. काकींनी माझा दंड धरून ठेवला होता एवढं आठवतं, कारण नंतर तिथे वळ होता.

तात्या ग्रामपंचायतीतून धावत आले. धावत म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना जमेल तसे. दोर या बाजूच्या आंब्याला फेकून बांधायला लावला, दुसरं टोक पलीकडे स्वतः बांधलं आणि छातीभर पाण्यात उतरले. एकेक पोर खांद्यावर घेऊन आणलं. भाऊसाहेब दोराला लटकून मागे, बुटांसकट.

स्वराला माझ्या हातात देताना तात्यांचे ओठ निळे पडले होते. मला म्हणाले, "रडू नको गो बाय, सगळा माल सुखरूप उतरवला."

नंतर ते आठवडाभर अंथरुणात होते.

त्याच आठवड्यात अंगणवाडीच्या बाईंनी चित्रं दाखवली. ही नदी, ही होडी, हा साकव. मग विचारलं, आपल्या गावात साकव कुठे आहे? स्वरानं हात वर केला.

"आमचा साकव घरी झोपलाय. त्याला ताप आलाय."

*

त्यानंतर तात्या म्हणाले, यंदाच्या आराखड्यात साकव पहिला. मोकळा पैसा, म्हणजे दावं न बांधलेला, थोडाच होता. त्यात एकच काम बसणार होतं. महिलांची ग्रामसभा झाली, तिथे सगळ्या बायका साकवच म्हणाल्या. मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

आणि मुंबईहून कमान आली. म्हणजे कमानीची मागणी.

आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे. मंडळाचे अध्यक्ष नाना. त्यांचं म्हणणं, आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या फाट्यावर स्वागत कमानी झाल्या, आपल्याच गावाला नाही. एसटीतून उतरणारा माणूस विचारतो, गाव कुठे आलं? हे सांगताना नानांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते खरं असतं. वर्षातून दोनदा गावाला येणाऱ्या माणसाला गावाचं नाव मोठ्या अक्षरांत बघावंसं वाटतं. मला ते कळतं. आमचे हे पण तिकडेच असतात, डोंबिवलीला.

मंडळात ठराव झाला, यंदा कमानच. मी ह्यांना फोन केला. म्हटलं, तुम्ही तरी काही बोललात की नाही?

हे म्हणाले, "सगळ्यांनी हात वर केला."

"आणि तुम्ही?"

"सगळ्यांचा वर, माझा एकट्याचा खाली कसा दिसेल?"

मी फोन ठेवला नाही. फोन स्वराच्या हातात दिला. म्हटलं, बाबांना सांग, तू शाळेत कशी जातेस. ती सांगत बसली, खोडावरून कुठे घसरायला होतं, नवीन खोड कसं गोल गोल फिरतं. पलीकडून काही आवाजच येईना. मला वाटलं, रेंज गेली. रेंज गेली नव्हती.

*

आणि आता देवदिवाळीचा.

चाकरमानी जत्रेला येतात म्हणून ग्रामसभा जत्रेच्या दुसऱ्या दिवशीच ठेवली होती. देवळाच्या मंडपात. इतकी गर्दी ग्रामसभेला मी कधी बघितली नव्हती. नाना पांढऱ्या कपड्यांत पुढे बसलेले, त्यांच्याजवळ कमानीचं रंगीत चित्र. त्यांच्या मागे सगळं मंडळ, त्यात हे. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. हात वर करायची वेळ आली तर साकव बुडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. जूनमध्ये स्वरा पहिलीत जाणार. मला पुढचा सगळा पावसाळा डोळ्यांसमोर दिसायला लागला, तात्यांच्या गुडघ्यांसकट. ती माझ्या मांडीवर बसून कुरमुरे खात होती.

भाऊसाहेबांनी कागद काढले. म्हणाले, "पहिला विषय, पुढील वर्षाचा आराखडा."

तात्या म्हणाले, "थांबा. देवळात बसलोय. आधी गाऱ्हाणं."

आबा उठले. नारळ ठेवला. सगळा मंडप उभा राहिला, हात जोडले.

"बा देवा महाराजा! आज तुझी गावची नि मुंबयची लेकरां तुझ्या पायाशी एक झाली हत."

"व्हय महाराजा!"

"मुंबयच्या लेकरांना कामधंद्यात यश दे. जशी सुखरूप आणलंस तशी सुखरूप पोचव."

"व्हय महाराजा!" मंडळाचा आवाज मोठा. जत्रेत घसे मोकळे झालेले.

"कोणाची इडापिडा असंल ती दूर कर."

"व्हय महाराजा!"

"पऱ्यापल्याडच्या पोरांना पान्यातून जायची पाळी पुन्ना आणू नको."

"व्हय महाराजा!"

"ह्या पावसाच्या आधी त्यांचा साकव हुबा कर."

"व्हय महाराजा!"

"नि कमान जी काय हाय, ती त्याच्या मागून, पुढल्या सालाला होव दे."

"व्हय महाराजा!!"

सगळ्यात मोठा आवाज नानांचा होता. त्याच्या खालोखाल आमच्या ह्यांचा.

आबांनी नारळ फोडला. खाली बसता बसता एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. मंडपात अशी शांतता की स्वराच्या तोंडातले कुरमुरे ऐकू येत होते. नाना जोडलेल्या हातांकडे बघत होते, जणू ते दुसऱ्याचे आहेत.

आबांना कोणी सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. सासूबाई आदल्या दिवशी नारळ घेऊन आबांकडे गेल्या होत्या, पण त्या तशा नेहमीच जातात.

भाऊसाहेब पेन धरून तसेच. म्हणाले, "सरपंच, ठरावाला सूचक कोण लिहू?"

"आबा," तात्या म्हणाले.

"आणि अनुमोदक?"

नानांनी कमानीचं चित्र हळूहळू गुंडाळलं, त्याला रबर लावला आणि म्हणाले, "माझं लिहा. आता देवासमोर बोलून बसलोय. पण पुढल्या वर्षी कमान!"

स्वरानं कुरमुऱ्यांचा हात पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, मग तात्या आता पाण्यात नाही उतरणार?"

तात्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि भाऊसाहेबांकडे वळले.

"भाऊसाहेब, पोर विचारतेय. पावसाच्या आधी होणार ना?"

सगळा मंडप भाऊसाहेबांकडे बघायला लागला. नाना, आबा, काकी, हे, मी. भाऊसाहेबांनी कागदाकडे बघितलं. तात्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. मग स्वराकडे. पेनाला टोपण लावलं, खिशात अडकवलं आणि देवाकडे तोंड करून हात जोडले.

"व्हय महाराजा."